सोवळ्यातली अमिया

यज्ञेश्वरकाका झाशीजवळच्या मोठ गावच्या बाजारात पोचले तेव्हा त्यांची पुतणी वांग्यांच्या ढिगामागे मांडी ठोकून बसली होती आणि एका मिशाळ शिपायाशी भांडत होती. शिपायाने पैसे देऊन झाल्यावर आणखी दोन वांगी उचलली होती. मुलीने त्याच्या उपरण्याचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात, अस्सल बुंदेलीत, त्याच्या घराण्याचा उद्धार चालवला होता. शेवटी शिपायाला हसू फुटलं. त्याने वांगी परत टाकली. शेजारच्या भाजीवाल्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि मुलीने काही झालंच नाही अशा थाटात पुढच्या गिऱ्हाइकाला हाक घातली.

काका बैलगाडीशी उभे राहून हे बघत होते. अकरा वर्षांची पोर, उन्हाने रापलेली, केसांना तेल नाही, डाव्या हातावर गोंदलेला मोर. पण हनुवटी त्यांच्या थोरल्या भावाची होती, आणि बोलताना एक भुवई वर चढवायची लकबही त्याचीच. एका बांगड्या विकणाऱ्या माणसाने ती इथे असल्याचं सांगितलं होतं, ते खरं निघालं. काकांनी डोळे पुसले आणि ते तिच्याकडे निघाले.

सहा वर्षांपूर्वीच्या चैत्रात गोऱ्यांची फौज झाशीच्या तटावरून आत उतरली होती. खंडेराव गेटच्या आतल्या आळीत राहणारे हे थोरले भाऊ, नीलकंठभट, आपल्या दारातच मारले गेले. त्यांची बायको पाच वर्षांच्या अंबिकेला कडेवर घेऊन मिळेल त्या वाटेने पळाली, आणि मोठच्या अलीकडे एका विहिरीपाशी तापाने गेली. भाजी पिकवणारा परमा काछी आणि त्याची बायको सुखरानी पाणी भरायला आली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. आईच्या अंगावर डोकं ठेवून बसलेल्या पोरीला सुखरानीने उचललं ते थेट घरी नेलं.

मराठी बोलणारा माणूस दिसला की त्याच्यावर संशय घ्यायचे असे ते दिवस होते. म्हणून सुखरानीने पोरीला पहिली गोष्ट शिकवली ती आपली भाषा गिळून टाकायची. अंबिका हे नावही शहराचं वाटायचं. तिचं अमिया झालं, म्हणजे कच्ची कैरी. मराठी गेली तशी भीतीही गेली. शेतात नीलगायी शिरल्या की हाकलायला मोठा आवाज लागायचा, बाजारात त्याहून मोठा. अमियाचा आवाज वाढत गेला. "हमाई मोड़ी सिपाही सें लौं नईं डरात," आमची पोर शिपायालासुद्धा भीत नाही, असं परमा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि ते ऐकलं की अमिया आणखी मोठ्याने ओरडायची. पुढे सुखरानीला मुलगा झाला, हल्के. त्याला कमरेवर घेऊनच अमिया बाजारात बसायला लागली.

यज्ञेश्वरकाका त्या धामधुमीत ग्वाल्हेरला पळाले होते. झाशी शहर शिंद्यांकडे गेलं आणि मराठी घरं हळूहळू परत यायला लागली, तेव्हा तेही आले. देवळाची पूजा पुन्हा मिळाली. भावाची पोर कुठेतरी जिवंत असेल ही आशा मात्र त्यांनी सोडली होती.

परमाच्या अंगणात फारसं बोलणं झालं नाही. काकांनी हात जोडले. परमा खाली मान घालून बसला. सुखरानीने भांडावं, नाही म्हणावं, असं अमियाला फार वाटत होतं. या बाईने पाटलाशीही पाण्याच्या पाळीवरून भांडण काढलेलं तिने पाहिलं होतं. पण आज ती म्हणाली, "बामन की मोड़ी आय. हम कब लौं रखते."

"हम नईं जैहें," अमिया म्हणाली. मी नाही जाणार.

"जा, बिन्नू. उतै तोरो घर आय." सुखरानीने तिला गाडीत बसवलं आणि हल्केला घेऊन घरात गेली. दार लावून घेतलं.

वाटभर काका गाडीच्या बाजूने चालत राहिले. ऊन चढलं तरी गाडीत बसले नाहीत. ते तिच्याशी बोलत होते, तिच्या बापाच्या गोष्टी सांगत होते, मधूनच रडत होते, पण तिला त्यांनी हात लावला नाही. तिला पाणी हवं झालं तेव्हा त्यांनी ते वरून ओतलं. तिने ओंजळ धरली. आपल्याकडे असं पाणी कोणाला घालतात ते तिला ठाऊक होतं, पण आपण तसे कधी झालो ते काही कळेना.

झाशीत शास्त्रीमंडळींनी विचार करून प्रायश्चित्त सांगितलं. तिला पंचगव्य दिलं, लक्ष्मीतलावावर न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं. ते सगळं झाल्यावर काकांनी तिला पोटाशी धरलं आणि हुंदके देऊन रडले. ती लाकडासारखी उभी राहिली.

राधाकाकू वाईट बाई नव्हती. पळापळीत तिची दोन लेकरं गेली होती आणि पुन्हा कूस उजवली नव्हती. देवाने ही पोर दिली असं ती मानत होती. तिला एकच धास्ती होती, की काछ्याच्या घरी वाढलेली मुलगी कोण करून घेणार. लग्नाचं वय तर दारात येऊन उभं होतं. म्हणून काकूने कंबर कसली. मारणं, डागणं असलं काही तिने केलं नाही. तिने फक्त बुंदेली ऐकायचं सोडून दिलं.

"काकी, पानी दै दो," मुलगी म्हणायची. काकू तांदूळ निवडत बसायची. मुलगी पुन्हा म्हणायची, मग ओरडायची, मग पाय आपटायची. काकूचं आपलं निवडणं चालूच. शेवटी कुठूनतरी लहानपणचा एखादा शब्द वर यायचा. "पाणी," ती म्हणायची. काकू लगेच उठायची, चांदीच्या फुलपात्रात पाणी द्यायची, तोंडावरून हात फिरवायची.

"हळू" हा शब्द काकू दिवसातून किती वेळा म्हणायची त्याला गणती नव्हती. हळू बोल. हळू चाल. हळू हस. पायांची बोटं झाक. पुरुष बोलत असले की आतल्या खोलीत जा. हातावरच्या मोराला ती रोज चुना आणि कसलासा पाला चोळायची. कातडी सोलवटली, मोर फिकट झाला, गेला नाही. मग काकूने कोपरापर्यंत बांगड्या भरल्या आणि विचारलं कुणी तर भाजलं होतं म्हणून सांगायचं, असं ठरलं.

पहिल्या महिन्यात एकदा अमिया पळाली. बड्या बाजारात जाऊन ती भाजीवाल्यांना मोठची वाट विचारायला लागली. एका भाजीवालीने तिचं लुगडं बघितलं आणि हाताला धरून घरी आणून सोडलं. आता मार बसणार म्हणून तिने अंग आवळून घेतलं होतं. पण कोणी बोललंच नाही. काका त्या दिवशी जेवले नाहीत. काकूही जेवली नाही. देवाचा नैवेद्य दाखवून झाल्यावर भात तसाच राहिला, आणि काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भांडण असतं तर तिला भांडता आलं असतं. हे तिला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन काकूजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "काकू, जेवा." ते तिचं पहिलं धड मराठी वाक्य. काकूने तिला कुशीत ओढून घेतलं.

पुढे एकदा आळीतल्या बायका वाती वळायला जमल्या होत्या. अमिया कोपऱ्यात बसून वाती वळत होती. उठताना एक म्हातारी म्हणाली, "किती शांत पोर आहे हो, राधाबाई. आहे की नाही ते कळतसुद्धा नाही." काकूचा चेहरा असा उजळला की मुलीच्या पोटात ऊबच ऊब पसरली. परमाच्या तोंडून "मोड़ी डरात नईं" ऐकताना अगदी असंच व्हायचं. त्या दिवसापासून काकूला "हळू" म्हणायची गरज फारशी पडली नाही.

बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं. वामनराव शिंद्यांच्या कचेरीत नुकते लागले होते. घर सज्जन होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि एकच अट घातली होती, की तो विषय पुन्हा कोणी काढायचा नाही. स्वतः वामनरावांनी मात्र एकदा काढला. ती न्हाती-धुती होऊन सासरी राहायला आल्यानंतरची गोष्ट. त्यांनी हळूच विचारलं, "तिकडचं काही आठवतं का गं तुला?"

"नाही," ती म्हणाली.

त्यांना बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली होती. पण म्हणता म्हणता ते खरंच होत चाललंय असं तिला वाटलं. शेत आठवायचं, पण शेतातल्या कशाला काय म्हणायचे ते आठवायचं नाही. सुखरानीचा चेहरा यायचा आणि नेमका तोंडापाशी पुसट व्हायचा.

वर्षं गेली. काका गेले, काकू गेली. पोटची दोन बाळं गेल्यावर शकुंतला जगली. शहर शिंद्यांकडून पुन्हा इंग्रजांकडे आलं आणि वामनराव नव्या कचेरीत उर्दू कागदांच्या नकला करायला लागले. आळीतली मराठी मुलं रस्त्यावर हिंदीत खेळायची आणि घरात येताना उंबऱ्यावर भाषा बदलायची. अंबिकाबाईंच्या दारी मात्र उंबऱ्याच्या अलीकडेच बदलावी लागायची, इतका त्यांचा धाक होता.

सोवळ्याओवळ्याचं काही अडलं की बायका त्यांच्याकडेच यायच्या. कुठल्या नात्याचं किती सुतक, विटाळशीने काय शिवावं, परटाकडून आलेलं वस्त्र कधी चालतं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बाकीच्या बायकांना हे आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं, त्यामुळे त्या चुकायच्या, हसायच्या, चालवून घ्यायच्या. अंबिकाबाईंनी प्रत्येक गोष्ट सोसून शिकलेली होती. त्यांना चालवून घेता येत नसे. "माझा स्वभावच मेला असा," त्या म्हणायच्या, आणि त्यांना ते खरं वाटायचं. आपण जन्मापासून अशाच असणार.

शकुंतला आईवर गेली नव्हती असं लोक म्हणत. ती दणदण जिना उतरायची, खिदळायची, दारावरच्या कुल्फीवाल्याशी वाद घालायची. अंबिकाबाई तिला दिवसभर एकच शब्द सांगायच्या.

त्या वर्षी झाशीच्या बाहेर लोहमार्गाचं काम जोरात चाललं होतं. गावोगावची माणसं माती उपसायला आली होती, आणि त्यांची पालं शहराबाहेर दूरवर पसरली होती. चैत्रगौरीचं हळदीकुंकू अंबिकाबाईंकडे होतं. गौर झोपाळ्यात बसली होती, कैरीची डाळ आणि पन्हं झालं होतं, बायकांनी घर भरलं होतं. तेवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलं.

एक वाळलेली, उंच म्हातारी. एका डोळ्यात फूल पडलेलं. हातात फडक्याची पुरचुंडी. घामाने आणि मातीने अंग भरलेलं. ती आत डोकावून एकेका बाईच्या तोंडाकडे बघत होती. अंबिकाबाई सोवळ्याने पन्ह्याचं पातेलं घेऊन बाहेर आल्या, आणि म्हातारीचा एक डोळा त्यांच्यावर येऊन थांबला.

"अमिया," ती म्हणाली. "चीन्हो नईं?"

अंबिकाबाईंनी ओळखलं. पाहताक्षणी ओळखलं. पुसट झालेलं तोंड पुन्हा भरून आलं. आतून एक शब्द वर आला. मताई, म्हणजे आई. तो जिभेवर येईपर्यंत त्यांना आपल्या पाठीवर सगळ्या बायकांच्या नजरा जाणवल्या, आणि तोंडातून दुसरंच बाहेर पडलं. बाजारकरणीशी बोलतात त्या स्वच्छ, कोरड्या हिंदीत त्या म्हणाल्या, "किससे मिलना है, माई?"

सुखरानीने त्यांच्याकडे पाहिलं. मग आत बसलेल्या बायकांकडे पाहिलं. मखर, शालू, नथी, सगळं पाहिलं. तिला काय उमजलं ते तिचं तिला ठाऊक.

"भूल परी, बाई," ती म्हणाली. "दूसरो घर हुइए."

"ऊन फार आहे, पाणी तरी द्या तिला," कोणीतरी आतून म्हणालं. अंबिकाबाईंनी तांब्या आणला. सुखरानी पायरीच्या खाली उतरली आणि ओंजळ केली. अंबिकाबाईंनी वरून पाणी ओतलं. एक थेंबही आपल्या अंगावर उडणार नाही इतक्या बेताने ओतलं. त्यांचे हात हे काम अगदी चोख करत होते आणि त्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

पाणी पिऊन सुखरानी पायरीवर टेकली. शकुंतला कधी बाहेर गेली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. नऊ वर्षांची पोर म्हातारीला खेटून बसली होती, आणि पुरचुंडीतला लटा, मोहाची फुलं भाजून तिळाबरोबर कुटून केलेली वडी, म्हातारी तिला भरवत होती. शकुंतला तोंडभर खात होती आणि मोठमोठ्याने काहीतरी विचारत होती.

अंबिकाबाई खाली गेल्या. मुलीला दंडाला धरून उठवलं आणि तिच्या थोबाडीत मारली. त्यापूर्वी त्यांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता.

"थूक ते. आधी न्हाणीत जा."

सुखरानीने पुरचुंडी गुंडाळली. जाताना ती मागे वळून बघेल असं वाटलं होतं, पण नाही. शकुंतला न्हाणीघरातून ओली बाहेर आली ती गौरीपुढे गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि दिवे लागेपर्यंत एक शब्द बोलली नाही. बायका जाताना म्हणाल्या, "आज शकू कशी शहाण्यासारखी बसली आहे."

दुसऱ्या दिवशी वामनराव जेवून उठले तेव्हा अंबिकाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. लग्नाला बावीस-तेवीस वर्षं झाली होती आणि एवढं सलग त्या प्रथमच बोलत होत्या. वामनराव ऐकत राहिले. त्या वाट बघत होत्या की ते म्हणतील, जे झालं ते बरं झालं. तसं म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

"जाऊन भेटून ये," ते म्हणाले. "मी येतो बरोबर. त्या बाईने तुला जगवलं."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी आहे ना."

मग काही निमित्तच उरलं नाही.

पुढच्या दिवशी सकाळच्या उन्हात दोघं पालांकडे गेली. वामनरावांनी चौकशी केली. हल्के आता दाढीमिशांचा बाप्या झाला होता. तो कामावर गेला होता. सुखरानी त्याची पोरं सांभाळायला आली होती. पालाबाहेर चुलीशी बसून ती भाकरी थापत होती. यांना पाहून ती उठली, पिठाचे हात झटकले आणि पालातून एकुलती एक खाट ओढून बाहेर आणली. वामनराव थोडे दूर जाऊन उभे राहिले.

अंबिकाबाई खाटेजवळ उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. सुखरानी बोलायला लागली. परमा तीन पावसाळ्यांपूर्वी गेला. वाडीची विहीर आटली. हल्केला अजून आठवतं की बहिणीच्या कमरेवर बसून तो बाजारात जायचा. तिला घेऊन गेले त्यानंतर परमा दोनदा झाशीपर्यंत आला होता. दुरूनच दार बघून परत गेला. अंबिकाबाईंना शब्द न् शब्द कळत होता. उत्तर मात्र सापडत नव्हतं. बुंदेली ओठांवर येईना, मराठीचा उपयोग नव्हता, आणि हिंदीत त्यांना फक्त भाव करता यायचा आणि हुकूम देता यायचा. "जी," त्या म्हणत राहिल्या. "जी. अच्छा."

"तोरी मोड़ी तोपै गई है," सुखरानी हसून म्हणाली. मुलगी तुझ्यावर गेलीय. "खूब बोलत है."

अंबिकाबाईंचे डोळे भरून आले. ते पाहून म्हातारी पुढे झाली आणि तिने हात त्यांच्या डोक्याकडे नेला.

अंबिकाबाई मागे सरल्या.

त्यांनी ठरवलं नव्हतं. तो हात डोक्यावर यावा म्हणून तर त्या इथवर चालत आल्या होत्या. पण अंग आपोआप मागे गेलं, एक पाऊल, आणि पदर आवळला गेला. पिठाने माखलेला हात हवेत तसाच राहिला.

मग सुखरानीने तो खाली घेतला. "हओ," ती म्हणाली. "हम बिसर गए ते." आणि जणू तिचंच चुकलं होतं अशा ओशाळ्या चेहऱ्याने ती हात लुगड्याला पुसायला लागली.

परतीच्या वाटेवर दोघं झाडांच्या सावलीने चालली. खंडेराव गेटपाशी आल्यावर अंबिकाबाई म्हणाल्या, "मी मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"इकडून सांगावं, मी काय करायला हवं होतं?"

वामनरावांनी समोरून येणारी बैलगाडी जाऊ दिली आणि मग पुढे चालायला लागले.

घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली. पालांकडे जाऊन आल्यावर ती करायचीच होती. पाणी अंगावर घेताना त्या रडल्या, आणि रडता रडता नेहमीप्रमाणे कोपरापासून मनगटापर्यंत हात स्वच्छ घासले.

पुन्हा जायचं असं त्या रोज ठरवत. पण रोज काही ना काही निघत गेलं आणि पालं मार्गाबरोबर पुढे सरकली. पुढच्या उन्हाळ्यात हल्के एकदा दारात आला. आत आला नाही. तिकडे पटकीची साथ आली होती, मताई गेली, एवढं सांगून तो उभा राहिला. अंबिकाबाईंनी त्याला धान्य देऊ केलं. त्याने नको म्हणून मान हलवली आणि निघून गेला.

त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात नुसत्याच बसून राहिल्या. चुलत सासऱ्याचं सुतक किती, मामेसासूचं किती, दत्तक गेलेल्याचं किती, आळीतली कुठलीही बाई त्यांना झोपेतून उठवून विचारू शकली असती. सुखरानीचं सुतक त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते मुळी नव्हतंच. संध्याकाळी शेजारची बाई संकष्टीचं काहीतरी विचारायला आली, आणि अंबिकाबाईंनी तिला नीट, सविस्तर सांगितलं.

शकुंतला त्या चैत्रानंतर बदलत गेली. एका दिवसात नाही. पण जिन्यावरचा दणदणाट कमी झाला, मग थांबला. कुल्फीवाला तिची हाक यायची म्हणून दाराशी रेंगाळायचा, तो रेंगाळायचा बंद झाला. ती आईकडे बघून काम करायची आणि आईच्या कपाळावर आठी पडण्याआधीच चूक सुधारायची. तिचं स्थळ ग्वाल्हेरहून चालून आलं. मुलगी शांत आहे, हे त्यांनी झाशीत चार घरी विचारून खात्री करून घेतलं होतं.

एकोणिसाव्या वर्षी ती माहेरपणाला आली तेव्हा ओळखू येत नव्हती. गळ्याखालची हाडं वर आलेली, डोळे आत गेलेले. अंबिकाबाईंनी तिला न्हाऊ घालायला बसवलं आणि पाठीला तेल लावताना त्यांचा हात थांबला. पाठीवर वळ होते. काही जुने, काही ताजे.

"हे काय आहे?"

"पडले होते."

"शकू, कोणी मारलं?"

शकुंतलेने अंग चोरलं. गार वाटलं म्हणून शहारावं तशी शहारली फक्त.

ग्वाल्हेरहून दीर न्यायला आला. तो बाहेरच्या खोलीत बसलेला असताना वामनराव आत आले. ते म्हणाले, "ती नको म्हणत असेल तर मी पाठवत नाही. जे व्हायचं ते होवो. पण तिने म्हटलं पाहिजे. तू विचार तिला."

अंबिकाबाई मुलीला घेऊन कोठीच्या खोलीत गेल्या. दार लोटलं.

"तुला जायचंय का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी काही म्हणत नाही. तू सांग. बाबा आहेत, मी आहे. तोंडातून एक शब्द काढ."

शकुंतला जमिनीकडे बघत उभी राहिली. अंबिकाबाईंनी तिचे खांदे धरले. "ओरड. भांड माझ्याशी. लहानपणी किती बोलायचीस तू. एकदा तरी मोठ्याने बोल, शकू."

मुलीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आईला नेमकं काय हवंय ते ओळखायची धडपड होती, लहानपणापासून ती करत आली होती तशीच.

"काय बोलू?" तिने विचारलं. "सांग ना. तू सांगशील ते बोलते."

अंबिकाबाईंनी सांगायला तोंड उघडलं. जाणार नाही म्हण, एवढंच तर सांगायचं होतं. पण ते वाक्य त्यांच्या तोंडातून कधी गेलं होतं, कुठल्या भाषेत, त्यांना आठवेना. बाहेर दीर खाकरला. गाडीची वेळ होत आली होती. अंबिकाबाईंचे हात मुलीच्या खांद्यावरून खाली आले आणि त्यांनी तिचा पदर सारखा केला, निऱ्या नीट केल्या, कुंकू जरा पुसटलं होतं ते बोटाने ठीक केलं.

"जपून राहा," त्या म्हणाल्या.

वामनराव स्टेशनवर पोचवायला गेले. परत आले तेव्हा दुपार झाली होती. पागोटं खुंटीला अडकवून ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"जागा मिळाली का गाडीत?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"मिळाली. खिडकीशी."

"रडली?"

"नाही. शहाण्यासारखी बसली होती."

अंबिकाबाईंनी मान हलवली. भात शिजला होता. त्यांनी तो उतरवून ठेवला आणि दोन पानं मांडली.